७ मार्चचे १३ मिलिमीटर

१० ऑक्टोबर, २० ऑक्टोबर, १६ ऑक्टोबर, २७ ऑक्टोबर. माझ्या एकाच बाळंतपणाच्या या चार तारखा. चारही कुठल्या ना कुठल्या कागदावर छापलेल्या, चारहीखाली कुणाची तरी सही. यांतली धरायची कोणती आणि सोडून द्यायची कोणती, हे समजेपर्यंत मी पुष्कळ रडले, पुष्कळ वाचलं आणि डॉक्टरांना पुष्कळ प्रश्न विचारले. मी डॉक्टर नाही. पण पहिल्याच सोनोग्राफीत 'तारखा जुळत नाहीत' हे वाक्य ऐकून जी बाई बाहेरच्या बाकावर येऊन बसते, तिच्या हाती हे लागावं म्हणून घडलं तसं सगळं लिहून ठेवतेय.

माझी शेवटची पाळी ३ जानेवारीला आली होती. ती तारीख मला पक्की आठवत होती, मोबाइलमध्ये नोंदही होती. १५ फेब्रुवारीला घरी टेस्ट केली, तर दुसरी रेघ आली, पण फिकट. उजेडात धरून बघितली, नवऱ्याला दाखवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. रेघ होतीच.

१८ तारखेला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तारीख विचारली, टेबलावरची गोल पुठ्ठ्याची चकती फिरवली आणि फाईलवर लिहिलं : ईडीडी, म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख, १० ऑक्टोबर. मग विचारलं, "पाळी नियमित असते ना?" मी लगेच "हो" म्हटलं. आणि ते माझ्या बाजूने खरंच होतं. कॉलेजपासून माझी पाळी दर छत्तीस-सदतीस दिवसांनी येते, कधी अडतीस होतात. चुकत नाही, म्हणजे नियमितच की. त्या प्रश्नात 'नियमित' म्हणजे 'साधारण अठ्ठावीस दिवसांची' असं धरलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या बऱ्याच गोंधळाचं मूळ माझ्या त्या एका 'हो'मध्ये होतं. म्हणून सांगते, पहिल्या भेटीला जाताना नुसती शेवटच्या पाळीची तारीख नेऊ नका. मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून न्या आणि मध्ये किती दिवस गेले ते तोंडाने सांगा. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील, बाळ अंगावर पीत असेल किंवा पीसीओएस, म्हणजे पाळी लांबवणारा बीजकोशांचा त्रास असेल, तर तेही सांगा. या सगळ्यांत बीज उशिरा सुटू शकतं.

त्या चकतीमागचं गणित अगदी साधं आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जायचं. ३ जानेवारीचे झाले १०, तीन महिने मागे ऑक्टोबर. एकूण २८० दिवस, चाळीस आठवडे. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रांझ नेगेले यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचा. त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत आहे : चक्र अठ्ठावीस दिवसांचं आणि बीज चौदाव्या दिवशी सुटलेलं. ज्यांचं तसं असतं त्यांना हे गणित बरोबर लागू पडतं. आणखी एक, गर्भ राहण्याच्या आधीचे दोन आठवडेही या मोजणीत धरलेले असतात. 'सात आठवड्यांची गरोदर' म्हणजे गर्भ पाच आठवड्यांचा. मला हेही तेव्हाच कळलं.

पहिली सोनोग्राफी २१ फेब्रुवारीला. पाळीच्या हिशेबाने त्या दिवशी बरोबर ७ आठवडे पूर्ण. इतक्या लवकरची तपासणी बहुतेक वेळा आतून करतात. त्यासाठी लघवी करून जायचं असतं, पोटावरून करायची असेल तर उलट भरपूर पाणी पिऊन. मी पाणी पिऊन बसले होते, कारण अपॉइंटमेंट घेताना विचारलंच नव्हतं. आतून केली तरी दुखत नाही. अवघडल्यासारखं होतं आणि पाय सैल सोडले की सोपं जातं.

सोनोग्राफीच्या डॉक्टर आधी बोलत होत्या, मग गप्प झाल्या. ती शांतता ज्यांनी अनुभवलीय त्यांना वेगळं सांगायला नको. स्क्रीन माझ्याकडे नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सॅक आहे, जागेवर आहे, गर्भाशयातच आहे. योक सॅकही दिसतेय. फीटल पोल अजून दिसत नाही." सॅक म्हणजे गर्भाची पिशवी, योक सॅक म्हणजे तिच्या आतली, गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी आणि फीटल पोल म्हणजे पहिल्यांदा दिसणारा इवलासा गर्भ. मी विचारलं, "ठोके?" त्या म्हणाल्या, "गर्भच अजून दिसत नाही, तर ठोके कुठून दिसणार? तारखा बघाव्या लागतील."

रिपोर्टवर आलं : सॅकचा सरासरी व्यास १० मिलिमीटर, त्यावरून वय ५ आठवडे ५ दिवस. आणि खाली एक ओळ, पाळीच्या तारखेशी पडताळून बघा. पाळीची तारीख ७ आठवडे म्हणत होती, पडदा पावणेसहाच्या आसपास. मधले नऊ दिवस कुठे गेले?

माझ्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी रिपोर्ट बघितला. त्यांनी मला जे सांगितलं ते मी फाईलच्या मागे उतरवून ठेवलं होतं, म्हणून नीट आठवतं. याचे दोन अर्थ होतात, त्या म्हणाल्या. एक, बीज उशिरा सुटलं आणि गर्भ त्याच्या वयाप्रमाणे व्यवस्थित आहे. दुसरा, वाढ मध्येच थांबलीय. आज या दोन्हींत फरक करता येणार नाही, मलाही नाही आणि कुणालाच नाही. गर्भ नीट वाढत असेल तर आधी सॅक दिसते, मग साधारण साडेपाच आठवड्यांना योक सॅक आणि सहाच्या आसपास इवलासा गर्भ आणि त्याचे ठोके. त्यामुळे ५ आठवडे ५ दिवसांना गर्भ न दिसणं यात चुकीचं काहीच नाही. ७ आठवड्यांना न दिसणं काळजीचं. सगळा प्रश्न तारखेचा आहे.

आणि मग त्यांनी जे आकडे सांगितले, ते प्रत्येकीला माहीत असायला हवेत असं मला मनापासून वाटतं. सॅकचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आहे आणि आत गर्भ नाही, किंवा गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आहे आणि ठोके नाहीत, तरच एका तपासणीवरून वाढ थांबली असं म्हणता येतं. त्याच्या खाली असेल तर थांबायचं आणि पुन्हा बघायचं. माझी सॅक १० मिलिमीटरची होती. योक सॅक दिसल्यानंतर निदान ११ दिवस तरी जाऊ द्यावे लागतात, त्याआधी पुन्हा बघून पक्कं काही सांगता येत नाही. त्यांनी १४ दिवसांनंतरची तारीख दिली, ७ मार्च. या काळात कुणी घाईने गर्भ काढून टाकायचं औषध घ्यायला सांगितलं तर आधी मला फोन करा, असंही म्हणाल्या.

मी विचारलं, रक्त तपासून वय कळेल का? त्या म्हणाल्या, बीटा एचसीजीचा, म्हणजे गरोदरपणात रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकाचा आकडा एकाच आठवड्यात दोन बायकांमध्ये इतका वेगळा असतो की त्यावरून तारीख ठरवत नाहीत. पोटात दुखलं किंवा रक्त गेलं तर लगेच या, नाहीतर चौदा दिवस थांबा.

थांबा. हा शब्द बोलायला किती सोपा आहे. ते चौदा दिवस मी कसे काढले ते मलाच सांगता येत नाही. ऑफिसला जात होते, काम करत होते, सोनोग्राफीत काय झालं ते कुणाला सांगितलं नव्हतं. मळमळ होते का, हे दर तासाला तपासायचे. एखादी सकाळ बरी गेली की मनात यायचं, संपलं वाटतं. रात्री मोबाइलवर बायकांचे अनुभव वाचायचे. अर्ध्या जणींचं सगळं नीट झालेलं, अर्ध्या जणींचं नाही आणि त्यांतली मी कोण ते कळत नव्हतं. पाचव्या दिवशी वाचणं बंद केलं. हा एकच उपाय खरा उपयोगी पडला.

बंद करायला कारणही घडलं. त्या रात्री नवरा कॅलेंडर घेऊन बसला होता. त्याला आकडे मांडून बघायची सवय आहे. म्हणाला, "पाळी ३ तारखेची, म्हणजे चौदाव्या दिवशी बीज सुटलं असं धरलं तर १७ जानेवारी. पण मी तर ८ तारखेला कामासाठी बाहेरगावी गेलो आणि २२ला परत आलो." आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. पुरुषबीज शरीरात फार तर पाचेक दिवस टिकतं. ८ जानेवारीच्या आधीचं काही १७पर्यंत टिकणं शक्य नव्हतं. म्हणजे गर्भ राहिला तो २२ जानेवारीनंतरच. मग २१ फेब्रुवारीला माझे ७ आठवडे भरलेच नव्हते, अगदी ओढूनताणून धरलं तरी सव्वासहा. फाईलवरची १० ऑक्टोबर पहिल्या दिवसापासूनच चुकीची होती.

त्या रात्री मी झोपले. गर्भ नीट आहे याची खात्री यातून मिळत नव्हती, ते मला कळत होतं. पण सात आठवडे होऊनही काही दिसलं नाही, ही जी भीती छातीवर बसली होती ती उठली. सकाळी डॉक्टरांना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं आणि मी विचारायला हवं होतं." असं कबूल करणारी डॉक्टर मिळाली हे माझं भाग्य. नवऱ्याच्या फिरतीचं वेळापत्रक, ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या केल्या असतील तर त्यांच्या तारखा, सगळं सांगा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. आयव्हीएफ झालेल्यांना हा शोध घ्यावा लागत नाही. भ्रूण कोणत्या दिवशी आत सोडला ते माहीत असतं आणि तारीख त्यावरूनच धरतात.

७ मार्च. पाळीच्या हिशेबाने ९ आठवडे. या वेळी मी आधीच सांगितलं की मला स्क्रीन बघायचा आहे आणि जे असेल ते लगेच सांगा. प्रोब आत गेला, काळ्या सॅकमध्ये पांढरट दाण्यासारखं काहीतरी दिसलं आणि त्या दाण्याच्या मधोमध एक लुकलुक. डॉक्टर म्हणाल्या, "हे बघा." बस, एवढंच. मी नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला की त्याच्या बोटांवर वळ उठले होते.

मग त्यांनी मोजमाप घेतलं आणि मी प्रत्येक पायरी विचारून घेतली, कारण माझी पुढची सगळी तारीख या मापावर उभी राहणार होती. या मापाला सीआरएल म्हणतात, गर्भाची टाळूपासून बुडापर्यंतची लांबी. पाय धरत नाहीत. त्यांनी आधी चित्र मोठं केलं, गर्भ लांबीत पूर्ण आडवा दिसेल असा प्रोब फिरवला, मग एका टोकावर एक फुली आणि दुसऱ्या टोकावर दुसरी ठेवली. शेजारची योक सॅक त्यात चुकून धरली जाऊ नये, याची काळजी घेतात, नाहीतर लांबी वाढते आणि वय जास्त येतं. एकदा मोजून थांबल्या नाहीत. १२.८, १३.१, १३.१. सरासरी १३ मिलिमीटर. यंत्राने वय दिलं ७ आठवडे ४ दिवस. ठोके मिनिटाला १५२. मी आवाज ऐकवा म्हटलं, तर म्हणाल्या, इतक्या लहान गर्भावर आवाजासाठी डॉप्लर लावत नाही, रेघेवरून मोजते. आणि तशी रेघ काढून दाखवली.

१३ मिलिमीटर. घरी येऊन मी पट्टी घेतली आणि बोटावर मोजून बघितलं. करंगळीच्या नखाएवढंही नाही.

एवढ्याशा मापावरून दिवस कसे ठरतात, हे मला कोडं वाटत होतं. डॉक्टरांनी समजावलं ते असं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जवळजवळ सारख्या वेगाने वाढतो, या सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला साधारण एक मिलिमीटर. आई उंच असो, बुटकी असो, बाप कसाही असो. पुढे मात्र प्रत्येक बाळ आपापल्या अंगलोटाने वाढतं आणि मापावरून वय सांगणं दिवसेंदिवस ढिलं होत जातं. म्हणून लवकरचं माप जास्त विश्वासाचं. पहिल्या तिमाहीतल्या सीआरएलची चूक साधारण पाच ते सात दिवसांच्या आत राहते, शेवटच्या तिमाहीत तीच तीन आठवड्यांपर्यंत जाते. हे माप वापरायची पद्धत ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३मध्ये ग्लासगोहून मांडली. त्याच शहरात इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८मध्ये पोटाच्या तपासणीसाठी ध्वनिलहरींचा वापर जगापुढे ठेवला होता. रॉबिन्सन यांनी मांडलेलं सूत्र आजही अनेक यंत्रांत बसवलेलं असतं. मी ते घरी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं : लांबी मिलिमीटरमध्ये घेऊन १.०३७ने गुणायची, वर्गमूळ काढायचं, त्याला ८.०५२ने गुणून २३.७३ मिळवायचे, की दिवस येतात. १३ मिलिमीटरचे आले ५३ दिवस. सात आठवडे चार दिवस. पडद्यावरचा आकडा माझ्या वहीत उतरला तेव्हा जे समाधान वाटलं ते सांगता येत नाही.

फरक दिसला म्हणून लगेच तारीख बदलतात, असंही नाही. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने, अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सने, २०१७मध्ये दिलेले आकडे माझ्या डॉक्टर वापरतात. पाळीच्या हिशेबाने ८ आठवडे ६ दिवसांपर्यंत असाल, तर फरक ५ दिवसांपेक्षा जास्त हवा. ९ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत ७ दिवसांपेक्षा जास्त. त्याहून कमी असेल तर पाळीची तारीखच ठेवायची. काही देशांत पाळीची तारीख काहीही असो, पहिल्या तिमाहीतल्या सीआरएलचीच तारीख धरतात. माझा फरक १० दिवसांचा होता. डॉक्टरांनी १० ऑक्टोबरवर रेघ मारली, खाली २० ऑक्टोबर लिहिलं, शेजारी '७ मार्च, सीआरएल १३ मिमी' असं कारण लिहिलं आणि सही केली. म्हणाल्या, "आता ही तारीख कुणी बदलायची नाही. पुढे यंत्र काहीही दाखवो." मी विचारलं, मग २१ फेब्रुवारीला सॅकवरून आलेलं वय? तेही जवळपास हेच सांगत होतं. त्या म्हणाल्या, सॅकचा आकार भरवशाचा नाही, गर्भ दिसला की सॅकचं माप तारखेसाठी बाजूला ठेवायचं.

इथे मला वाटलं सुटले. पण तारीख डॉक्टरांच्या अक्षरात बदलली होती, कॉम्प्युटरमध्ये नाही.

तीन महिन्यांच्या तपासणीची अपॉइंटमेंट रिसेप्शनवरून मिळाली २८ मार्चची. मीही डोळे झाकून गेले. कॉम्प्युटरने पाळीवरून बरोबर १२ आठवडे काढले होते. टेबलावर झोपल्यावर डॉक्टर म्हणाल्या, सीआरएल ३८ मिलिमीटर, आज ही तपासणी होणार नाही. बाळाच्या मानेमागच्या पाण्याचं माप घ्यायला सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान लागतो. माझे खरे १० आठवडे ४ दिवस झाले होते. दोन आठवड्यांनी परत या. पैसे पुन्हा भरावे लागणार का, हे मी तिथेच विचारून घेतलं, तुम्हीही टेबलावर झोपायच्या आधी विचारा, कारण पुन्हा करायच्या सोनोग्राफीचं बिल बऱ्याच ठिकाणी वेगळं लागतं. फेरी वाया गेली, अर्धी रजा गेली. पण घरी येऊन ३८चं वर्गमूळ काढलं तर ७४ दिवस आले, म्हणजे १० आठवडे ४ दिवस. पुन्हा तीच २० ऑक्टोबर. वाया गेलेल्या फेरीने तारखेला साक्ष दिली.

११ एप्रिलला बाळ अंग मुडपून बसलं होतं. हनुवटी छातीला टेकवलेली असेल तर लांबी कमी भरते, मान मागे टाकलेली असेल तर जास्त. सरळ, सैल पडलेलं हवं. मला वीस मिनिटं व्हरांड्यात चालायला लावलं, मग माप मिळालं ६० मिलिमीटर. यंत्राचं वय १२ आठवडे ३ दिवस, आमच्या तारखेने १२ आठवडे ४ दिवस. एका दिवसाचा फरक, म्हणजे तारीख तीच. जुन्या तारखेने त्या दिवशी बरोबर १४ आठवडे झाले असते आणि या तपासणीची मुदत १३ आठवडे ६ दिवसांना संपते. कागदावर माझी मुदत टळून गेली होती.

त्याच दिवशी डबल मार्करचं, म्हणजे बाळात गुणसूत्रांचा दोष असण्याचा धोका किती ते सांगणाऱ्या तपासणीचं, रक्त दिलं. फॉर्मवर शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना ठळक, सीआरएलचा आणि सोनोग्राफीच्या तारखेचा खाली बारीक. रक्त घेणाऱ्या ताईंनी फक्त वरचा भरला होता. मी थांबवलं. या रक्तातल्या घटकांची पातळी आठवड्यागणिक बदलते आणि माझी पातळी कोणत्या आठवड्याशी ताडून बघायची तेच चुकलं, तर धोक्याचा आकडाही चुकतो. त्यांनी कुरकुर न करता सीआरएल भरला. कुठलाही फॉर्म गेला की एकदा नजर टाका, इतकंच.

पाच महिन्यांची सोनोग्राफी ३ जूनला झाली, आमच्या तारखेने २० आठवडे १ दिवस. सगळे अवयव नीट दिसले. यंत्राने डोकं, पोट, मांडीचं हाड यांची सरासरी काढून २० आठवडे ५ दिवस सांगितले आणि रिपोर्टच्या तळाशी छापलं : ईडीडी १६ ऑक्टोबर. माझ्या सासूबाईंनी रिपोर्ट वाचला आणि सगळ्यांना कळवलं की तारीख अलीकडे आली. ती आली नव्हती. बाळाचं डोकं जरा मोठं होतं. दर रिपोर्टवर छापलेली ईडीडी ही त्या दिवसाच्या मापांवरून यंत्राने काढलेली असते. माप जसं बदलेल तशी ती हलते. एकदा तारीख ठरली की पुढची मापं बाळ कसं वाढतंय हे बघण्यासाठी असतात.

ऑफिसच्या रजेचं वेगळंच. १८ फेब्रुवारीच्या भेटीनंतर लगेचच मी १० ऑक्टोबरचा दाखला देऊन बसले होते. जुलैत नवा द्यायला गेले, तर त्यांना प्रश्न पडला की प्रसूतीची तारीख बदलते कशी. डॉक्टरांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या, 'सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून वय निश्चित केले आहे, सुधारित तारीख २० ऑक्टोबर.' त्यावर काम झालं, पण तीन आठवडे गेले. दाखला तारीख पक्की झाल्यावरच घ्या. विम्याचे कागद असतील तर त्यावरही तीच तारीख जायला हवी.

२७ ऑगस्टचा दिवस मात्र मी विसरणार नाही. माझ्या डॉक्टर रजेवर होत्या आणि बदली डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट बघितला. यंत्र सांगत होतं ३१ आठवडे २ दिवस, खाली २७ ऑक्टोबर. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. तिथे अजूनही पाळीची तारीख, ३३ आठवडे ५ दिवस. "बाळ अडीच आठवडे मागे आहे," ते म्हणाले. "वाढ कमी आहे. ॲडमिट व्हावं लागेल." माझ्या पायांतलं बळ गेलं. सहा महिने मी ज्या तारखेला धरून होते ती त्या क्षणी मला आठवेना. नवऱ्याने फाईल उघडून ७ मार्चचा रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो नीट वाचला. मग स्वतःच हिशेब केला. खरं वय ३२ आठवडे २ दिवस, यंत्राचं एक आठवड्याने कमी. या महिन्यांत एवढा फरक तर एरवीही येतो. मग त्यांनी बाळाच्या पोटाचा घेर आणि अंदाजे वजन ३२ आठवड्यांच्या तक्त्यावर बघितलं. दोन्ही सरासरीच्या जरा खाली पण ठीक. नाळेतला रक्तप्रवाह चांगला होता. म्हणाले, "घरी जा, तीन आठवड्यांनी परत बघू." आणि त्यांनीच तिथल्या तिथे कॉम्प्युटरमधली तारीख बदलून घेतली, जे काम मार्चपासून राहिलं होतं. मला त्यांचा राग नाही आला. त्यांच्यापुढे जे होतं त्यावरून त्यांनी योग्य तेच म्हटलं होतं.

तो पहिला रिपोर्ट फार जपा. सोनोग्राफीचं चित्र ज्या गुळगुळीत कागदावर येतं तो कागद काही महिन्यांत फिका पडतो, माझ्याकडचा ऑगस्टपर्यंत करडा झाला होता. चित्र हातात आल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा.

१० ऑक्टोबर आला. ज्यांना पहिली तारीख सांगितली होती त्या सगळ्यांचे फोन सुरू झाले. काही झालं का? अजून नाही? डॉक्टर काय म्हणतात? आईला मी मार्चमध्येच समजावलं होतं, पण तिचाही जीव राहवेना. १७ला दवाखान्यातून फोन आला, ४१ आठवडे झालेत, कळा आणायच्या बोलण्यासाठी या. कुठल्या तरी जुन्या यादीत माझं नाव तसंच राहिलं होतं. मी सांगितलं, माझे आज ३९ आठवडे ४ दिवस झालेत, डॉक्टरांना विचारा. त्यांनी विचारलं आणि परत फोन करून सॉरी म्हणाल्या. मार्चमध्ये हे सगळं कळलं नसतं तर हा फोन आल्यावर मी निमूट बॅग भरून गेले असते.

२० तारखेलाही काही झालं नाही. ठरलेल्या तारखेलाच येणारी बाळं शंभरात चार-पाच असतात, हे मला माहीत होतं, तरी रात्री बारापर्यंत मी जागी राहिले. २२च्या मध्यरात्रीनंतर कळा सुरू झाल्या, आपणहून. २३ ऑक्टोबरला दुपारी मुलगी झाली, ३ किलो १०० ग्रॅम.

तासाभराने सिस्टर तिच्या पायाला पट्टी बांधून कागद भरायला आल्या. नाव, वेळ, वजन लिहून झालं. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "किती आठवडे? पाळीचे की सोनोग्राफीचे?"

"सोनोग्राफीचे," मी म्हटलं. "४० आठवडे ३ दिवस. ७ मार्चच्या."